सीबीआयची नोटीस आली आहे: तिचे अधिकार किती, आणि तिच्यावर बंधनं कोणती?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील 67 वर्षांचे, राष्ट्रीयीकृत बँकेच्या कर्ज विभागातून 2018 मध्ये निवृत्त झालेले. 2016 मध्ये मंजूर झालेलं एका कंपनीचं कर्ज बुडालं, बँकेनं तक्रार केली, आणि आता सीबीआयनं कलम 179 खाली नोटीस पाठवून त्यांना सांगलीहून मुंबईला, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कार्यालयात, कागदपत्रं घेऊन बोलावलं आहे. राज्य सरकारच्या संमतीशिवाय सीबीआय असं करू शकते का, घराची झडती होईल का, वडिलांना तिथेच अटक होईल का, वकील सोबत नेता येईल का, हे तुम्ही विचारलं आहे.

मी सीबीआयच्या विशेष न्यायालयांत बरीच वर्षं बचाव पक्षाचं काम करतो. सगळ्यात आधी तातडीचं सांगतो, कारण नोटिशीतली तारीख जवळ आली असणार. वडिलांना मुंबईला जायची सक्ती नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ज्या कलम 179 खाली त्यांना बोलावलं आहे, त्याच कलमाच्या परंतुकात, म्हणजे कलमाला जोडलेल्या अपवादात, लिहिलेलं आहे की 15 वर्षांखालील किंवा 60 वर्षांवरील पुरुष, कोणत्याही वयाची स्त्री, दिव्यांग व्यक्ती आणि गंभीर आजारी व्यक्ती यांना राहत्या जागेशिवाय दुसरीकडे हजर राहायला सांगता येत नाही. तपास अधिकाऱ्यानं त्यांच्या घरी यायचं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 160 मध्ये हीच वयोमर्यादा 65 होती. नवी संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली. त्यापूर्वी सुरू झालेले तपास जुन्या संहितेप्रमाणे चालू राहू शकतात, त्यामुळे कधी कधी नोटीस कुठल्या संहितेखाली हवी यावर वाद होतो. तुमच्या वडिलांच्या बाबतीत तो प्रश्नच नाही, 67 हे वय दोन्हींत बसतं. ते स्वतःच्या इच्छेनं कार्यालयात जायला तयार असतील तर जाऊ शकतात, पण तो निर्णय त्यांचा.

आता मूळ मुद्दा. सीबीआयचं नाव ऐकलं की लोकांना वाटतं, हे पोलिसांपेक्षा वरचे, यांना काहीही करता येतं. कायद्यात तसं काहीच नाही. सीबीआयच्या अधिकाऱ्याचे अधिकार हे पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचेच अधिकार आहेत, त्याहून तसूभर जास्त नाहीत. आणि म्हणूनच सांगलीच्या पोलीस ठाण्यातल्या निरीक्षकावर जी बंधनं आहेत, ती सगळी त्याच्यावरही आहेत. हे डोक्यात पक्कं बसलं की पुढच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं सापडतात.

'सीबीआय कायदा' नावाचा कायदा अस्तित्वात नाही. 1941 मध्ये, युद्धाच्या काळात लष्करी खरेदीतली लाचखोरी शोधायला युद्ध व पुरवठा खात्यात एक विशेष पोलीस दल उभं राहिलं. युद्ध संपल्यावर ते टिकवण्यासाठी 1946 चा दिल्ली विशेष पोलीस आस्थापना अधिनियम आला. 1 एप्रिल 1963 रोजी गृह मंत्रालयाच्या एका ठरावानं केंद्रीय अन्वेषण विभाग, म्हणजेच सीबीआय, स्थापन झाला, पण त्याच्या अधिकाऱ्यांच्या हातातलं कायदेशीर बळ आजही त्या 1946 च्या जेमतेम पानभर कलमांतून येतं. कलम 2 नं दलाला पोलिसांचे अधिकार दिले, आणि उपनिरीक्षक व त्यावरील अधिकाऱ्याला ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याप्रमाणे वागण्याची मुभा दिली. कलम 3 प्रमाणे कोणत्या गुन्ह्यांचा तपास करायचा ते केंद्र सरकार अधिसूचनेनं ठरवतं. कलम 5 प्रमाणे हे अधिकार दिल्लीबाहेर, राज्यांत वाढवता येतात. आणि कलम 6 म्हणतं, राज्य सरकारच्या संमतीशिवाय नाही.

2013 च्या नोव्हेंबरमध्ये गुवाहाटी उच्च न्यायालयानं तर तो 1963 चा ठराव रद्दच केला होता: सीबीआय ही 1946 च्या कायद्याखाली स्थापन झालेली संस्थाच नाही, असं म्हणून. अवघ्या तीन दिवसांत सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली आणि काम चालू राहिलं. हे सांगायचं कारण एवढंच की काही वकील आजही अर्जात हा मुद्दा घालतात. तुमच्या वकिलांनी घातला तर त्यावर फार भिस्त ठेवू नका.

संमतीचं प्रकरण मात्र नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण त्याचं मूळ राज्यघटनेत आहे. पोलीस हा विषय राज्यसूचीत. एका राज्याच्या पोलिसांचे अधिकार दुसऱ्या राज्यात न्यायचे तर त्या राज्याची संमती हवी, हे संघसूचीतल्या 80 व्या नोंदीतच आहे. राज्यं ही संमती बहुधा सरसकट देऊन ठेवतात: अमुक प्रकारच्या गुन्ह्यांत सीबीआयनं दर वेळी विचारायची गरज नाही, अशी. ती काढून घेतली की प्रत्येक प्रकरणात वेगळी परवानगी लागते. पश्चिम बंगालनं नोव्हेंबर 2018 मध्ये ती काढली, पुढे केरळ, झारखंड, पंजाब, तमिळनाडू, कर्नाटक अशी यादी वाढत गेली. महाराष्ट्रानं ऑक्टोबर 2020 मध्ये सरसकट संमती मागे घेतली होती आणि ऑक्टोबर 2022 मध्ये पुन्हा दिली. म्हणजे 'राज्याची परवानगी नाही' हे तुमचं गृहीतकच चुकीचं आहे. तुम्ही बहुतेक त्या दोन वर्षांतल्या बातम्या वाचल्या असाव्यात.

समजा संमती नसती, तरी वडिलांना त्याचा फार उपयोग झाला नसता. संमती काढली तरी आधी नोंदवलेल्या गुन्ह्यांचा तपास थांबत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 1994 मध्ये सिक्कीमच्या प्रकरणात सांगितलं आहे. उच्च न्यायालय किंवा सर्वोच्च न्यायालय संमतीवाचूनही सीबीआयकडे तपास सोपवू शकतं. पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं 17 फेब्रुवारी 2010 रोजी पश्चिम बंगालच्या खटल्यात हा निर्णय दिला आणि हा अधिकार क्वचित, अपवादानंच वापरायचा असंही बजावलं. आपल्याकडे एप्रिल 2021 मध्ये, सरसकट संमती काढलेली असतानाच, राज्याच्या तत्कालीन गृहमंत्र्यांवरच्या आरोपांची 15 दिवसांत प्राथमिक चौकशी करायला मुंबई उच्च न्यायालयानं सीबीआयला सांगितलं होतं, ते याच अधिकारात. त्यापुढे 2 जानेवारी 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की केंद्राच्या कर्मचाऱ्यावर केंद्रीय कायद्याखाली गुन्हा नोंदवायला, तो कोणत्या राज्यात नेमणुकीवर आहे यावरून राज्याची संमती लागत नाही. आणि संमतीत काही त्रुटी राहिली असलीच, तरी त्यामुळे आरोपीचं काय नुकसान झालं हे दाखवता आलं नाही तर न्यायालय सहसा खटला रद्द करत नाही, असं 2020 मधल्या उत्तर प्रदेशाच्या एका प्रकरणात ठरलं.

थोडक्यात, संमती हा केंद्र आणि राज्य यांच्यातल्या अधिकारवाटणीचा विषय आहे. ते भांडण महत्त्वाचंच आहे. पश्चिम बंगालनं केंद्राविरुद्ध दाखल केलेला दावा ऐकण्याजोगा आहे असं सर्वोच्च न्यायालयानं जुलै 2024 मध्ये म्हटलं, तेव्हा ते अजून संपलेलं नाही. पण घरी नोटीस आलेल्या माणसाचं रक्षण फौजदारी प्रक्रियेच्या साध्या, कंटाळवाण्या वाटणाऱ्या कलमांत असतं. मी पाहतो ते असं की कुटुंबं पहिला आठवडा संमतीच्या शोधात घालवतात आणि नोटिशीवर छापलेलं कलम वाचतच नाहीत.

म्हणून नोटीस हातात घ्या. वर 'आरसी' हा मजकूर आणि एक क्रमांक असेल. आरसी म्हणजे सीबीआयचा नियमित गुन्हा, आपल्या ओळखीचा एफआयआर. 'पीई' असेल तर ती प्राथमिक चौकशी, गुन्हा अजून नोंदलेला नाही. पीईमध्ये अटक, सक्तीची झडती हे प्रकार नसतात. तुमच्या नोटिशीत कलम 179 आहे, म्हणजे गुन्हा नोंदलेला आहे आणि वडिलांना आज तरी साक्षीदार, म्हणजे प्रकरणाची माहिती असलेली व्यक्ती म्हणून बोलावलं आहे. कलम 94 ची नोटीस असती तर ती कागदपत्रं मागणारी. कलम 35(3) ची असती तर सावध व्हायला हवं होतं, कारण ती नोटीस ज्याच्यावर संशय आहे त्याला, पण तूर्त अटक करायची नाही म्हणून दिली जाते. ती पाळली तर सहसा अटक नाही, न पाळली तर ते अटकेचं कारण होऊ शकतं. ती व्हॉट्सॲपवर पाठवून चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2025 मध्ये स्पष्ट केलं आहे.

कागदपत्रांबद्दल एक इशारा. बँकेची कागदपत्रं बँकेकडे असतात, निवृत्त अधिकाऱ्याकडे नाही. वडिलांच्या कपाटात मंजुरीपत्रांच्या झेरॉक्स असतील तर त्या आहेत तशा ठेवा. काही फाडू नका, नष्ट करू नका, आणि जुन्या सहकाऱ्यांना फोन करून 'आपण काय सांगायचं' हे ठरवायला तर मुळीच जाऊ नका. पुरावा नष्ट केल्याचा किंवा साक्षीदाराला पढवल्याचा संशय मूळ प्रकरणापेक्षा जास्त महागात पडतो. नोटिशीत मागितलेलं जे जवळ नाही, ते जवळ नाही असं लेखी कळवायचं.

जबाबाचं म्हणाल तर कलम 180 प्रमाणे विचारलेल्या प्रश्नांची खरी उत्तरं देणं साक्षीदारावर बंधनकारक आहे. अपवाद एकच: ज्या उत्तरानं स्वतःवर गुन्ह्याचा आळ येऊ शकतो ते उत्तर द्यायची सक्ती नाही. हीच राज्यघटनेच्या अनुच्छेद 20(3) ची हमी, आणि 1978 च्या नंदिनी सत्पथी निकालानं ती ठाण्यातल्या चौकशीलाही लागू केली. 'आठवत नाही' हे खरं असेल तर तेही पूर्ण उत्तर आहे. दहा वर्षांपूर्वीच्या फाइलवरची टिपणं कोणाला तोंडपाठ असतात? फाइल समोर ठेवा, वाचून सांगतो, असं शांतपणे म्हणायचं.

जबाब लिहून झाला की त्यावर सही करायची नसते. कलम 181 तसं स्पष्ट सांगतं. अधिकारी मागतील, 'फक्त औपचारिकता आहे' म्हणतील, तरी नम्रपणे कलमाकडे बोट दाखवायचं. पोलिसांसमोरचा कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, आणि सीबीआयचा अधिकारी हा पोलीस असल्यामुळे त्याच्यासमोरचाही नाही. ईडीशी, म्हणजे सक्तवसुली संचालनालयाशी, फरक पडतो तो इथे: मनी लाँडरिंगच्या कायद्याखाली कलम 50 नुसार दिलेला जबाब सही करून द्यावा लागतो, तो पुराव्यात येतो, आणि ईडीचे अधिकारी पोलीस नाहीत असं सर्वोच्च न्यायालयानं 27 जुलै 2022 रोजी ठरवलं. बँक घोटाळ्याच्या प्रकरणात सीबीआयच्या मागोमाग ईडी येतेच. त्यामुळे समोर बसलेला अधिकारी कोणत्या संस्थेचा आहे आणि कोणत्या कलमाखाली विचारतो आहे, हे दर वेळी विचारून घ्या.

सहीचे आणि हस्ताक्षराचे नमुने मात्र वेगळे. ते देणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणं नव्हे, हे 1961 पासून ठरलेलं आहे. नमुन्यांसाठी कलम 349 खाली दंडाधिकारी आदेश देऊ शकतात, त्यासाठी अटक झालेलीच असावी असंही आता नाही. नार्को किंवा पॉलिग्राफ चाचणी संमतीशिवाय करता येत नाही, तो निकाल 2010 चा.

वकिलाचं: अटक झालेल्या माणसाला चौकशीदरम्यान आपल्या पसंतीच्या वकिलाला भेटता येतं, पूर्णवेळ शेजारी बसवता येत नाही, हे कलम 38. साक्षीदाराला वकील सोबत बसवण्याचा असा लेखी हक्क नाही. चौकशी घरी होणार असल्यामुळे प्रत्यक्षात तुम्हाला फार अडचण येऊ नये. वकिलांना दुसऱ्या खोलीत बसवा आणि तसं अधिकाऱ्याला आधीच कळवा. न्यायालयं मागणी केल्यावर 'दिसेल पण ऐकू येणार नाही' इतक्या अंतरावर वकिलाला बसायची परवानगी देतात.

झडतीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण घरचे सगळ्यात जास्त घाबरतात ते याला, आणि नेमक्या याच वेळी हक्क सोडून दिले जातात. सकाळी सहा-सातला बेल वाजते. दारात पाच-सहा जण, त्यात दोन पंच. सीबीआय पंच म्हणून बहुधा दुसऱ्या सरकारी कार्यालयातले किंवा बँकेतले कर्मचारी आणते. पहिलं काम: ओळखपत्रं पाहा, नावं लिहून घ्या. दुसरं: न्यायालयाचं झडतीचं वॉरंट आहे का ते विचारा. नसेल तरी अधिकारी कलम 185 खाली झडती घेऊ शकतो, पण मग वॉरंट आणायला वेळ का नव्हता आणि कोणती वस्तू शोधायची आहे, याची कारणं त्यानं आधी लेखी नोंदवलेली असली पाहिजेत, आणि त्या नोंदींच्या प्रती 48 तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांकडे गेल्या पाहिजेत. घरमालकाला त्या प्रती दंडाधिकाऱ्यांकडून अर्ज करून विनामूल्य मिळतात. हा अर्ज फार थोडे लोक करतात. करा. कारणं न लिहिता घेतलेली झडती पुढे उलटतपासात कशी लंगडी पडते, हे मी न्यायालयात पाहिलेलं आहे.

झडती चालू असताना घरातल्या माणसाला हजर राहायचा हक्क आहे. तुम्ही एका खोलीत बसा, आम्ही दुसऱ्यात शोधतो, हे चालत नाही. घरातल्या स्त्रीची अंगझडती स्त्री कर्मचाऱ्यानंच, सभ्यतेनं घ्यायची. पंच आणि अधिकारी आत येण्यापूर्वी त्यांचीही झडती घ्या अशी विनंती करता येते, सीबीआयच्या पंचनाम्यांत तशी नोंद सहसा असते. नव्या संहितेच्या कलम 105 नं झडती आणि जप्तीचं दृकश्राव्य चित्रीकरण सक्तीचं केलं आहे, ते मोबाइलवरही चालतं. चित्रीकरण होत नसेल तर पंचनाम्यावर सही करताना तसा शेरा लिहा. मराठीत लिहिला तरी चालतो. जप्त वस्तूंच्या यादीची पंचांच्या सहीची प्रत तिथल्या तिथे घ्यायची, 'नंतर पाठवून देतो' यावर समाधान मानायचं नाही.

मोबाइल किंवा लॅपटॉप नेत असतील तर यादीत मेक, मॉडेल, आयएमईआय किंवा सिरीयल नंबर आला पाहिजे, उपकरण पंचांसमोर सीलबंद झालं पाहिजे, आणि जिथं जागेवरच प्रत काढली जाते तिथं तिची हॅश व्हॅल्यू पंचनाम्यात लिहिली गेली पाहिजे. हॅश म्हणजे त्या डेटाचा आकडी ठसा: एक अक्षर बदललं तरी तो बदलतो. पुढे कोणी म्हणालं की मूळ डेटात फेरफार झाला, तर ते सिद्ध करायला किंवा खोडायला हाच आधार. औषधांच्या नोंदी, पेन्शनचे ओटीपी सगळं त्याच फोनवर असेल तर तसं लेखी कळवून प्रत मागा. न्यायालयात अर्ज केल्यावर उपकरण परत मिळण्याचा मार्गही असतो, वेळ लागतो.

अटक होईल का, या प्रश्नाला 'होणारच नाही' असं उत्तर कोणताही प्रामाणिक वकील देणार नाही. पण परिस्थिती बघा. गुन्हा कर्जमंजुरीचा, कागदोपत्री, दहा वर्षं जुना. वडील निवृत्त, कागद बँकेच्या ताब्यात, पत्ता पक्का. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटक का आवश्यक आहे याची कारणं लिहावी लागतात, हा 2014 च्या अर्नेशकुमार निकालाचा गाभा आहे आणि सीबीआयशी संबंधित 2022 च्या निकालात न्यायालयानं तो पुन्हा घट्ट केला. आरोपपत्र दाखल करायचं म्हणून प्रत्येक आरोपीला आधी अटक केलीच पाहिजे असंही नाही, हे 2021 मध्ये सांगून झालं आहे. वडिलांच्या हातात आज साक्षीदाराची नोटीस आहे. अशा स्थितीत घाईनं अटकपूर्व जामिनाचा अर्ज करू नये, असं माझं मत. अर्जात आपणच स्वतःला संशयित म्हणून उभं करतो, आणि सीबीआयनं 'आम्हाला अटक करायची नाही' असं सांगितलं की अर्ज निकाली निघतो. कलम 35(3) ची नोटीस आली किंवा एफआयआरमध्ये त्यांचं नाव दिसलं, तर मात्र लगेच करायचा. म्हणून एफआयआरची प्रत आधी मिळवा. संवेदनशील प्रकरणं वगळता एफआयआर 24 तासांत संकेतस्थळावर टाकायचे, हा सर्वोच्च न्यायालयाचा 2016 चा आदेश सीबीआयलाही पाळावा लागतो.

आणि अटक झालीच, तर कारणं लेखी द्यावी लागतात. नोव्हेंबर 2025 मध्ये महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कोणत्याही गुन्ह्यात अटकेची कारणं अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत लेखी दिली पाहिजेत, आणि काही कारणानं तेव्हा शक्य नसेल तर दंडाधिकाऱ्यांपुढे नेण्याच्या किमान दोन तास आधी. वडिलांना इंग्रजी कळतं, पण आईला किंवा तुम्हाला कळवण्याचं बंधनही अधिकाऱ्यावर आहे. 24 तासांत न्यायालयापुढे हजर करणं, वैद्यकीय तपासणी, हे सगळ्या पोलिसांना लागू तसंच. चौकशीच्या खोल्यांत आवाजासह सीसीटीव्ही असला पाहिजे, हा डिसेंबर 2020 चा आदेश सीबीआय, एनआयए, ईडी यांची नावं घेऊन दिलेला आहे. कोठडीत काही वावगं घडलं तर त्या चित्रीकरणाची मागणी त्याच आठवड्यात लेखी करून ठेवा. ते कायमचं जपलं जात नाही.

तपासाला मुदतही आहे. माणूस कोठडीत असेल तर 60 किंवा 90 दिवसांत आरोपपत्र, नाही तर जामीन हा हक्क होतो. भ्रष्टाचाराच्या गुन्ह्यांत यापैकी कोणती मुदत, यावर बराच गोंधळ असे. ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप नाही आणि कमीत कमी शिक्षा दहा वर्षांखाली आहे तिथं 60 दिवसच, हे 2017 मध्ये आसामच्या एका लाचप्रकरणात दोन विरुद्ध एक अशा बहुमतानं ठरलं.

बँक अधिकाऱ्यासाठी आणखी एक कवच आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात 26 जुलै 2018 पासून कलम 17अ आलं. लोकसेवकानं पदावर असताना घेतलेल्या निर्णयाबद्दल किंवा केलेल्या शिफारशीबद्दल चौकशी सुरू करायचीच असेल, तर त्याला पदावरून दूर करू शकणाऱ्या प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता हवी. लाच घेताना रंगेहाथ पकडणं याला अपवाद. निवृत्तांनाही हे संरक्षण आहे. कर्जमंजुरी हा तर असा निर्णय याचं ठळक उदाहरण. पण 2018 पूर्वीच्या कृत्यांना ते लागू होतं का, यावर जानेवारी 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. वडिलांनी 2016 मध्ये फाइलवर सही केली असेल तर हा मुद्दा वकिलांनी जपून ठेवावा. जबाबाच्या दिवशी अधिकाऱ्याशी त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. खटला चालवायची वेळ आली तर कलम 19 ची वेगळी मंजुरी लागते, तीही 2018 पासून निवृत्तांना लागू झाली आहे.

अधिकाऱ्याचं वागणं चुकलं तर दाद कुठे मागायची? भ्रष्टाचाराच्या तपासांवर देखरेख केंद्रीय दक्षता आयोगाची, पण अमुक प्रकरण अमुक पद्धतीनं निकाली काढा असं आयोगालाही सांगता येत नाही. 1997 च्या विनीत नारायण निकालानं ही रचना मुद्दाम घडवली, तपास सत्तेच्या हातात राहू नये म्हणून. संचालकाची निवड पंतप्रधान, विरोधी पक्षनेते आणि सरन्यायाधीश किंवा त्यांनी नेमलेले न्यायमूर्ती यांची समिती करते, ती याच विचाराची पुढची पायरी. तुमच्या पातळीवर मात्र उपयोगी पडतात ते दोनच दरवाजे: त्या शाखेचे पोलीस अधीक्षक, आणि विशेष न्यायाधीश. अधीक्षकांना लिहिलेल्या साध्या पत्रानं बरेच प्रश्न सुटतात, हा अनुभव आहे. बहुतेक अधिकारी कायदा जाणतात आणि लेखी विनंती आली की ती डावलत नाहीत.

नोटीस खरी आहे का, हे तपासून घेतलंच पाहिजे. 'सीबीआयमधून बोलतोय, व्हिडिओ कॉल चालू ठेवा, पैसे या खात्यात टाका' अशा फसवणुकीत निवृत्त मंडळीच सापडतात. डिजिटल अटक असा कोणताही प्रकार कायद्यात नाही, आणि सीबीआय कोणाकडूनही पैसे भरून घेत नाही. नोटिशीवरचा आरसी क्रमांक, अधिकाऱ्याचं नाव आणि हुद्दा घ्या, आणि नोटिशीवरच्या नंबरवर नव्हे तर सीबीआयच्या अधिकृत संकेतस्थळावर दिलेल्या शाखेच्या नंबरवर फोन करून खात्री करा. बनावट निघाली तर लगेच 1930 वर कळवा.

खात्री पटल्यावर वडिलांच्या सहीनं तपास अधिकाऱ्याला असं पत्र जाऊ दे:

'आपली दिनांक अमुकची, आरसी क्रमांक अमुक मधील नोटीस मिळाली. मी तपासात पूर्ण सहकार्य करीन. माझं वय 67 असून वयाचा पुरावा सोबत जोडला आहे. कलम 179(1) च्या परंतुकानुसार माझा जबाब माझ्या राहत्या घरी नोंदवावा, ही विनंती. पुढील दिवशी व वेळी मी घरी उपलब्ध आहे: (तीन तारखा). मागितलेल्या कागदपत्रांपैकी अमुक माझ्याकडे आहेत, ती त्या वेळी पोचपावती घेऊन सादर करीन. बाकीची बँकेच्या ताब्यात असून माझ्याकडे नाहीत. संबंधित फाइल पाहायला मिळाल्यास मला अचूक माहिती देता येईल.'

हे पत्र नोटिशीतल्या तारखेच्या आधी पोचलं पाहिजे. शाखेच्या अधिकृत ईमेलवर पाठवा, त्याची प्रत पोलीस अधीक्षकांना द्या, आणि मूळ पत्र स्पीड पोस्टनं धाडून पावती नोटिशीसोबत एकाच फाइलमध्ये लावून ठेवा. उत्तर आलं नाही तर नोटिशीतल्या तारखेला सकाळी वकिलांमार्फत शाखेत फोन करून पत्र मिळाल्याची खात्री करा, आणि फोन कोणी घेतला, किती वाजता, हे त्याच फाइलमध्ये लिहा.